सरकारी कर्करोग रुग्णालय बंद करताना घ्यावयाची काळजी

एखादे सरकारी कर्करोग रुग्णालय बंद करण्याची जबाबदारी आपल्याकडे आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, कारण असे काम नवख्या माणसाकडे कोणी सोपवत नाही. मराठी शाळा बंद करायला फारशी अक्कल लागत नाही. पटसंख्या घटली एवढे लिहिले की काम झाले. एसटीची फेरी बंद करणे त्याहून सोपे, कारण उत्पन्न नाही असे आगारप्रमुखच लिहून देतो. कर्करोग रुग्णालयाची पटसंख्या मात्र काही केल्या घटत नाही. पहाटे पाचलाच केसपेपरच्या खिडकीपुढे चपला, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या आपापल्या मालकांच्या वतीने रांगेत उभ्या असतात. तेव्हा 'प्रतिसाद नाही' हे आपले आवडते कारण येथे चालणार नाही, हे आधीच मनाशी धरून चालावे आणि पुढील सूचना शांतपणे वाचाव्यात.

पहिली काळजी शब्दांची. 'बंद' हा शब्द कोणत्याही टिप्पणीत, इतिवृत्तात किंवा शासन निर्णयात येऊ देऊ नये. कुलूप ही गिरणीला लावायची वस्तू आहे, आणि ते लागल्यावर काय होते ते परळ-लालबागच्या माणसाला १९८२ च्या संपानंतर पुरते कळलेले असल्यामुळे तो शब्द ऐकताच लोक रस्त्यावर येतात. आपल्यासाठी पुनर्रचना, सक्षमीकरण, एकत्रीकरण आणि विकेंद्रीकरण असे चार शब्द तयार आहेत. त्यांतील शेवटचे दोन परस्परविरोधी आहेत अशी शंका एखाद्या अवर सचिवाला येईल. त्याला सांगावे की यंत्रांचे एकत्रीकरण होणार असून रुग्णांचे विकेंद्रीकरण होणार आहे, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात बसते. विधिमंडळात तारांकित प्रश्न आलाच, तर रुग्णालय बंद होत आहे हे खरे आहे काय, याला 'हे खरे नाही'. रुग्णांची गैरसोय होत आहे काय, याला 'हे अंशतः खरे आहे'. आणि असल्यास विलंबाची कारणे काय, याला 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर द्यावे. ही तीन उत्तरे कोणत्याही रुग्णालयाला पुरून उरतात.

या विद्येत इंग्रज आपल्या पुढे होते, म्हणून त्यांचा अनुभव अभ्यासणे हिताचे आहे. लंडनच्या फुलहॅम रोडवर रॉयल मार्सडेन नावाचे रुग्णालय आहे. केवळ कर्करोगासाठी काढलेले जगातले पहिले रुग्णालय म्हणून ते ओळखले जाते. १८५१ साली ते 'फ्री कॅन्सर हॉस्पिटल' या नावाने सुरू झाले, १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवेत आहे. १९९२ साली सर बर्नार्ड टॉमलिन्सन यांनी लंडनच्या रुग्णालयांविषयी अहवाल दिला. त्यात मार्सडेन आणि त्याच्या शेजारचे छातीच्या विकारांचे रॉयल ब्रॉम्प्टन ही दोन्ही उचलून चेरिंग क्रॉस रुग्णालयाच्या इमारतीत न्यावीत, असे सुचवले होते. पाहा, 'बंद' हा शब्द कोठेही नाही. दोन पाहुण्यांना तिसऱ्याच्या घरी राहायला पाठवायचे, इतकाच सौम्य विचार. तरीही तो फसला, आणि दोन्ही रुग्णालये आजही फुलहॅम रोडवरच आहेत. पुढे २ जानेवारी २००८ रोजी मार्सडेनच्या वरच्या भागाला आग लागली, रुग्णांना बाहेर काढावे लागले, आणि त्यांना आसरा दिला तो त्याच शेजारच्या ब्रॉम्प्टनने. आगीलाही जे जमले नाही ते आपल्याला एका परिपत्रकाने जमवायचे आहे, हे लक्षात ठेवावे. यातून घेण्याचा धडा असा, की स्थलांतराची घोषणा एकदम करू नये. एकदम केलेली घोषणा लोकांना समजते.

दुसरा धडा अधिक नाजूक आहे. विल्यम मार्सडेन या डॉक्टरने ते रुग्णालय काढले, कारण त्याची पत्नी कर्करोगाने गेली होती आणि या रोगावर आपण काहीच करू शकलो नाही, हे त्याला कळून चुकले होते. आपल्याकडे मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्यापाशी पैशाला तोटा नव्हता, परदेशातले उपचार दाराशी होते, आणि तरीही अशी सोय आपल्या देशात असली पाहिजे असे त्या गृहस्थांनी मनात आणले. पुढच्याच वर्षी ते स्वतः गेले, पण त्यांच्या ट्रस्टने ते पुरे केले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. (ते बंद करण्याचे कोणी बोलत नाही, कोणी मनातही आणू नये. येथे ते केवळ अडचणीचे उदाहरण म्हणून घेतले आहे.) सांगायचा मुद्दा हा, की ज्याच्या घरातले माणूस या रोगाने गेले आहे तो निर्णयप्रक्रियेत फार घातक ठरतो. समिती नेमताना सदस्यांची शैक्षणिक अर्हता पाहिली नाही तरी चालेल, मात्र त्यांच्या घरात कोणाला 'लाइट' दिलेली नाही, याची खातरजमा करून घ्यावी. त्याच उपचाराला बैठकीत 'किरणोपचार' म्हणणाऱ्यास घ्यावे, 'शेक' म्हणणाऱ्यास घेऊ नये. तो शब्द रांगेत बसल्याशिवाय तोंडी येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. रुग्णालय बंद करण्यासाठी रुग्णालयाला हात लावण्याची गरज नाही, आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्याला, लावावा. किरणोपचाराचे यंत्र चालवायचे तर कर्करोगतज्ज्ञाच्या जोडीला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतो, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लागतो. यांपैकी भौतिकशास्त्रज्ञ हा माणूस आपल्या दृष्टीने सोन्याचा आहे. तो कोणाला दिसत नाही, रुग्णाला त्याचे नाव ठाऊक नसते, वर्तमानपत्राला त्याचा हुद्दा लिहिता येत नाही. आणि सुरक्षा अधिकाऱ्याची जबाबदारीही बहुधा त्याच्याच गळ्यात असते. तो निवृत्त झाला की पद भरू नये. आरक्षणाची बिंदुनामावली तपासणीस पाठवावी, ती तपासून आली की सेवाप्रवेश नियमांत सुधारणा करायला घ्यावी, आणि तोवर कंत्राटी तत्त्वावर असा पगार जाहीर करावा की मुलाखतीला आलेला उमेदवार चहा पिऊन परत जाईल. मग यंत्र नियमानेच थांबते. आपण ते बंद केलेले नसते. उलट रुग्णसुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य दिलेले असते.

यंत्र कोबाल्टचे असेल तर तेवढेही कष्ट नकोत. कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य मुळातच शासकीय स्वभावाचे आहे. त्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे आज ज्या बाईला दोन मिनिटे शेक पुरतो, तिच्या जागी सव्वापाच वर्षांनी येणाऱ्या बाईला तेवढ्याच मात्रेसाठी चार मिनिटे यंत्राखाली निजावे लागेल, आणि आणखी तेवढ्याच काळाने येणारीला आठ. दिवसाचे तास मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे रोज होणाऱ्या रुग्णांची संख्या आपसूक घटत जाते, आणि आपल्याला जी घटती पटसंख्या हवी होती ती आकडेवारीनिशी मिळते. नवा स्रोत मागवण्याची फाइल आली तर नाकारू नये. नाकारलेल्या फाइलवर सही लागते. 'दरनिश्चिती करून फेरसादर करावे' एवढे लिहावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आतून जो शेक देतात त्यातल्या इरिडियम या तशाच द्रव्याची शक्ती तर चौऱ्याहत्तर दिवसांतच अर्धी होते. तेथे आपली एक दीर्घ रजा पुरते.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचा शेक अशाच एका सरकारी रुग्णालयात चालू होता. पंचवीस शेक ठरले होते, शनिवार-रविवार सोडून रोज एक. मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या होत्या आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. म्हणून काकू ऐन मे महिन्यात मानेला पाणी न लावता अंघोळ करीत आणि पदर घासू नये म्हणून तो उलट्या खांद्यावर घेत. तेराव्या शेकानंतर यंत्र बिघडले. देखभाल करार संपलेला होता, नूतनीकरण प्रक्रियेत होते. काकू रोज सकाळी जाऊन बाकावर बसत आणि दुपारी परत येत, कारण 'उद्या बघू' असे सांगितले जाई, आणि उद्या यंत्र सुरू झाले व आपण नसलो तर नंबर जाईल, ही धास्ती. अकरा दिवस त्या रेघा सांभाळत होत्या. बाराव्या दिवशी यंत्र सुरू झाले तेव्हा रेघा जागेवर होत्या. गाठीने मात्र अकरा दिवस रजा घेतलेली नव्हती. मधल्या खंडाची किंमत या रोगात फार असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सगळे उपचार आठ आठवड्यांत आटोपावेत असा संकेत आहे, तो उगाच नाही. पण हे आपण टिप्पणीत घेण्याचे कारण नाही, कारण काकू कागदोपत्री 'उपचार पूर्ण' या रकान्यात आहेत.

यानंतर 'मग रुग्णांनी जायचे कोठे' असा एक आक्षेप हमखास येईल, आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे. स्वतंत्र कर्करोग रुग्णालय हवेच कशाला, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक कर्करोग कक्ष उघडू, ही आपली मांडणी. ती अर्धी खरी आहे आणि म्हणूनच उपयोगी आहे. कर्करोग झालेल्या माणसाला हृदय, मूत्रपिंड आणि साखरही असते, हे नाकारता येत नाही. खुद्द मार्सडेनची लहान मुलांची विशेष सेवा लंडनमधल्याच एव्हलिना या मुलांच्या रुग्णालयात हलवण्याचा निर्णय २०२४ साली झाला, कारण मुलांचा अतिदक्षता विभाग त्याच आवारात हवा होता. हे उदाहरण आपण जरूर द्यावे. मात्र तेथे मुले अधिक सोयी असलेल्या ठिकाणी जाणार आहेत आणि आपण रुग्ण कमी सोयी असलेल्या ठिकाणी पाठवणार आहोत, हा तपशील सादरीकरणात आला नाही तरी चालेल. पडद्यावर बाण दोन्हीकडे सारखाच दिसतो.

जे टाळायचे आहे ते मात्र नीट समजून घ्या. तोंडाचा कर्करोग झालेला एक तंबाखू खाणारा माणूस खुर्चीत बसलेला आहे. तीन बोटे सरळ आत जातील एवढे त्याचे तोंड उघडत नाही. त्याच्याभोवती शस्त्रक्रिया करणारा, शेक देणारा, केमो देणारा, गाठीचा तुकडा तपासणारा आणि दातांचा डॉक्टर असे पाच जण उभे आहेत. दातांचा डॉक्टर म्हणतो, दोन दाढा आधी काढा, कारण शेक दिल्यानंतर काढल्या तर जबड्याचे हाड भरून येणार नाही. शस्त्रक्रिया करणारा म्हणतो, मग चार दिवस थांबतो. आहारतज्ज्ञ बाई त्याच्या बायकोला नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची ते तिथल्या तिथे दाखवते: सिरिंज उभी धरायची, दट्ट्या दाबायचा नाही, पेज आपली आपण उतरू द्यायची. हा सारा प्रकार दहा मिनिटांत उरकतो. असे दहा मिनिटांचे प्रकार दिवसातून पुष्कळ वेळा आणि वर्षानुवर्षे घडले, की तेथल्या माणसांचा हात बसतो. आणि असा बसलेला हात हीच स्वतंत्र कर्करोग रुग्णालयाची खरी मालमत्ता असते. ती जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत नसते, त्यामुळे मोडली तरी लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही. आपल्या विकेंद्रित व्यवस्थेत हेच पाच जण पाच तालुक्यांत बसतील, आणि त्यांच्यामध्ये निरोप्याचे काम रुग्णाचा मेहुणा करील. आजही तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ती डबी टॉवेलात गुंडाळून, लालपरीत मांडीवर धरून नेणारे नातेवाईक आहेत. त्यांचे कौशल्य वाया घालवण्याचे कारण नाही.

रुग्णालयाऐवजी लोकांना काय द्यायचे, असे कोणी विचारील. कार्ड द्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेलेली आहे, आणि तिने अनेकांना हात दिला आहे हेही खोटे नाही. मात्र कार्डाचा एक मोठा गुण असा, की ते खिशात मावते, आणि खिशात मावणाऱ्या वस्तूला परिचारिका, शौचालय किंवा रात्रपाळी लागत नाही. ज्या उपचाराला चांगले पॅकेज आहे तो खासगी रुग्णालय आनंदाने करील. ज्याला नाही, किंवा पॅकेज संपल्यावर जो उरतो, उदाहरणार्थ हाडापर्यंत पोहोचलेला रोग, जखमेला येणारा वास, मॉर्फिनच्या गोळ्या आणि रात्रीचे रडणे, तो रुग्ण पूर्वी जेथे पाठवला जाई ते सरकारी रुग्णालय आपण बंद केलेले असेल. तेव्हा त्याला 'घरी सेवा करा' असे सांगता येते. हे वाक्य मराठीत इतके मायेचे वाटते की पुढे कोणी काही विचारत नाही.

नातेवाईकांच्या निवासाची चिंता करू नये, समाज ती करतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, आणि तेथे जागा मिळाली नाही तर पदपथ आहे. २०२१ साली टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी करी रोडला म्हाडाच्या शंभर सदनिका द्यायचे ठरले होते. चाव्या दिल्या गेल्या, मग रहिवाशांच्या हरकती आल्या, मग निर्णयाला स्थगिती आली, आणि शेवटी बॉम्बे डाईंगच्या आवारात तेवढ्याच खोल्यांची पर्यायी सोय करण्याचे ठरले. आपल्यासाठी यातील उपयुक्त भाग एवढाच, की कर्करोगाच्या रुग्णाबद्दल सर्वांना कळवळा असतो, फक्त तो आपल्या जिन्यात नको असतो. या भावनेचा आदर राखून पावले टाकली तर स्थानिक पाठिंबा मिळू शकतो.

जमिनीविषयी बोलू नये. ती विषयपत्रिकेवर नसतानाही बैठकीला हजर असते. डब्लिनच्या रॅथगार भागात सेंट ल्यूक्स नावाचे १९५४ पासूनचे सार्वजनिक कर्करोग रुग्णालय आहे, भोवती बाग आहे. २०१० साली कायदा करून त्याचे स्वतंत्र मंडळ बरखास्त केले आणि ते सरकारी आरोग्यसेवेत विलीन केले. तेव्हाही उपचारपद्धतीपेक्षा त्या बागेचे पुढे काय होणार, हेच लोक पुन्हा पुन्हा विचारीत होते. लोक संशयी असतात. विचारलेच, तर हेरिटेज म्हणावे.

उरले आंदोलन. याबाबतीत आपण निर्धास्त असावे, कारण कर्करोगाचा रुग्ण हा आंदोलनाच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचा माणूस आहे. केमो घेतल्यावर तो चार दिवस उठत नाही, आणि उठतो तेव्हा त्याला पुढची तारीख गाठायची असते. घशाचा असेल तर त्याला घोषणा देता येत नाही. जो बरा होत नाही तो दुसऱ्या मोर्चाला येत नाही. आणि जो बरा होतो तो सर्वांत सुरक्षित, कारण तो कोणाला सांगतच नाही. मुलीचे लग्न व्हायचे असते, दुकानात गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती असते, 'आमच्या घरात असले काही नाही' हे पाहुण्यांना सांगून झालेले असते. हृदयावर शस्त्रक्रिया झालेला माणूस सदऱ्याचे बटण काढून टाके दाखवतो. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेली बाई आतून रुमालाची घडी लावून हळदीकुंकवाला जाते आणि चारचौघींत हसून बोलते. ज्या संस्थेचे यशस्वी लाभार्थी असे तोंड मिटून बसतात, तिच्या बाजूने साक्ष देणार कोण? डॉक्टर काळ्या फिती लावतील. त्यांची बदली करता येते. सह्यांची मोहीम निघेल. तिची पोच द्यावी.

एक बारीकशी व्यवस्था तेवढी आधी करून ठेवावी. नऊ वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या एक आजी आहेत, लातूरकडच्या. जुनी फाइल दुधाच्या दोन पिशव्या कापून शिवलेल्या कव्हरात घालून त्या वर्षातून एकदा तपासणीला येतात. रात्रीच्या गाडीने निघतात, सकाळी रुग्णालयाच्या नळावर तोंड धुतात, आणि डॉक्टरांनी 'छान आहे, पुढच्या वर्षी या' म्हटले की डबा उघडून तिथेच बाकावर भाकरी खातात. त्यांना आपले परिपत्रक वाचता येणार नाही. शेवटच्या पानावर निळ्या शाईने पुढची तारीख लिहिलेली आहे, आणि त्या दिवशी त्या येणार. तेव्हा फाटकावर एक माणूस बसवावा, त्याच्याकडे पेन द्यावे, आणि ती तारीख खोडून तिच्या जागी काय लिहायचे ते आपण त्याला आजच सांगून ठेवावे.